बाबांची मांडी आणि आईचे सोमवार

दर रविवारी सकाळी मी अमरावतीहून अकोल्याला भावाच्या घरी पोचायचे, पाणी प्यायचे आणि पर्समधून शिंप्याची टेप काढायचे. बाबा पलंगावर पाय लांब करून तयारच असायचे. गुडघ्याच्या वर एक वीत मोजायची, पेनाने खूण करायची, टेप गुंडाळायची आणि आकडा वहीत लिहायचा. आधी उजवी मांडी, मग डावी. बाबा विचारायचे, किती झाली. मी सांगायचे. मागच्या रविवारचा आकडा त्यांना पाठ असायचा, त्यामुळे फसवायची काही सोय नव्हती.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात अंगणातल्या ओल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, हाड छान जुळलंय, आता मांडी भरून आली पाहिजे, मांडीत जोर नसेल तर जुळलेल्या हाडाचा उपयोग नाही. बाबांना एकच गोष्ट हवी होती. बार्शीटाकळीच्या पुढे आमचं काळ्या मातीचं वावर आहे. तुरी कापणीला येऊन सोंगायच्या आत त्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काठी टेकत का होईना, पण स्वतःच्या पायांनी एक चक्कर मारायची. भाऊ म्हणाला, मी गाडीतून नेतो, रस्त्यावरून बघून घ्या. त्यावर बाबा म्हणाले, वावर काय पोरगी पाहाचा कार्यक्रम हाय का, बसून पाहाले? भावानं तो विषय परत काढला नाही.

आता यात माझी फजिती अशी की, मी अमरावतीच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि गेली कित्येक वर्षं माझा अभ्यास नेमका याच गोष्टीचा आहे: दुखावलेला स्नायू परत भरून कसा येतो. जगात इतके विषय होते, नेमका हाच मी निवडला होता. नातेवाईक म्हणायचे, बाबांना काय काळजी, घरचीच डॉक्टर आहे. मी डॉक्टर आहे ती उंदरांच्या पेशींची, हे मी कितीदा सांगितलं तरी कुणाच्या डोक्यात शिरत नसे.

स्नायूच्या धाग्यांना चिकटून काही लहान पेशी आयुष्यभर झोपून असतात. स्नायूला मार बसला की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि मग एकमेकींत मिसळून नवा धागा तयार करतात. त्यांना जागं कोण करतं आणि झोपवतं कोण, हा माझा विषय. लोकांना वाटतं, अन्न म्हणजे नुसतं सरपण, पेशीनं जाळलं आणि काम केलं. तसं नाही. साखर फुटताना, चरबी जळताना, प्रथिनं पचताना जे बारके बारके रेणू तयार होतात ते पेशीला निरोपही देत असतात, की आता ऊठ, आता वाढ, आता गप्प पडून राहा. त्यातला एक चिमुकला तुकडा तर जनुकं ज्या वेष्टनात गुंडाळलेली असतात त्या वेष्टनालाच जाऊन चिकटतो आणि कोणतं जनुक उघडायचं हे ठरवायला हातभार लावतो. वर्गात हे सांगताना मला अजूनही मजा येते. मागच्या बाकावर जांभया चालू असतात, ते सोडून द्या.

पण बाबांच्या मांडीचं काय झालं ते सांगायचं तर आधी आईच्या उपासांचं सांगायला हवं. आई गेली ती सोळा सोमवारांचं व्रत अर्ध्यावर टाकून. अकरा झाले होते, पाच राहिले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं व्रत घरातलं कुणीतरी पुरं करतं. ते माझ्यावर किंवा वहिनीवर येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तेराव्याला बाबा म्हणाले, मी करतो. जन्मात एक एकादशीही न धरलेला माणूस, सकाळी वावरात जाताना तीन भाकरी आणि ठेचा लागणारा. आम्हाला वाटलं, पाचच तर आहेत. त्यांनी पाच सोमवार केले, उद्यापन केलं, जोडपी जेवू घातली, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा उपास धरला. मग आईचा गुरुवार धरला. मग चतुर्थी, मग एकादशी. वर्षभरात आईचे सगळे उपास त्यांच्या अंगावर आले होते, तिच्या साड्या वहिनीनं वाटून टाकल्या तसे हे वाटता न आल्यासारखे.

मला ते सहन व्हायचं नाही. कारण मी अभ्यासातलं देत असे, पण खरं कारण निराळं होतं. ते वाळत चालले होते आणि मला दुसरं माणूस गमावायचं नव्हतं. हे असं सरळ सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. मी मात्र प्रथिनांवर भाषण द्यायची. सत्तरीनंतर स्नायू कसे झिजतात, दिवसाला किती डाळ पोटात जायला हवी, साबुदाणा म्हणजे नुसतं पिठूळ कसं, हे सगळं मी फोनवर, सणावाराला, पाहुण्यांसमोर सांगायची. माझा आवाज चढतो, शिकवून शिकवून सवय लागली आहे. एकदा ते म्हणाले, तू तुह्या कालेजातल्या पोट्ट्याइले शिकव. त्यानंतर ते अमरावतीला माझ्या घरी यायचे बंद झाले. फोन केला की, बरं आहे, ठेवतो, इतकंच. असं जवळजवळ तीन वर्षं चाललं.

मग एका एप्रिलमध्ये, ते पडायच्या चारेक महिने आधी, आमच्या प्रयोगशाळेत वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही. अमरावतीचा एप्रिल, त्यात रविवार. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर उंदराच्या स्नायूंतून काढलेल्या माझ्या पेशींच्या ताटल्यांत बहुतेक पेशी मरून तरंगत होत्या. पेशींना पोसणारं गुलाबी पाणी पिवळं पडलं होतं. फक्त ज्या ताटल्यांत मी कीटोन घातलं होतं, त्यांतल्या पुष्कळ पेशी जिवंत होत्या, तळाला घट्ट धरून. माणूस उपाशी राहिला की शरीर चरबीपासून हे कीटोन नावाचे रेणू बनवतं. ते मिळालं की स्नायूतल्या झोपलेल्या पेशी आणखी गाढ झोपी जातात, आणि गाढ झोपलेली पेशी उन्हातान्हाला, उपासमारीला सहजी दाद देत नाही. हे आमच्या क्षेत्रात माहीत झालेलं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघणं वेगळं. मी तिथंच हातमोजे काढले आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, तुमचे उपास काही वाया जाऊन नाई राहिले," मी म्हटलं आणि बघितलेलं सांगितलं, त्यांना कळेल अशा शब्दांत. उपाशी माणसाच्या मांसातल्या या पेशी चिवट होतात, मरत नाहीत, आतून पक्क्या राहतात.

मग ते म्हणाले, म्हंजे तुही माय बरोबर होती. मी म्हटलं, हो. आणि बाबा हसले. तीन वर्षांनी मी त्यांना हसताना ऐकलं. घशातून खरखर येणारं ते हसू ऐकून मी प्रयोगशाळेत स्टुलावर बसून रडले, तिथला मदतनीस घाबरून बाहेर निघून गेला.

पण बाबा पक्के शेतकरी. हसून झाल्यावर त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"पन बाई, जे जास्त झोपते, थे उठाले बी टाइम लावत असन ना?"

आमच्या विभागातल्या मौखिक परीक्षेत इतका नेमका प्रश्न मी अजून ऐकलेला नाही. उत्तर मला माहीत होतं, माझ्या वहीतच होतं. त्याच कीटोनच्या ताटल्यांना ओरखडा काढला की इतर ताटल्यांतल्या पेशी धावून येतात, एकमेकींत मिसळतात, धागा धरू लागतात, आणि या मात्र कितीतरी दिवस नुसत्या पडून असतात. तगून राहण्याची किंमत त्या अशी मोजतात. निरोगी माणसानं आठवड्याला दोनदा उपास केला तर काही बिघडत नसेल, पण ज्याचा स्नायू तुटलाय त्याला हे उलटं पडणार. मी म्हटलं, लावते थोडा, पण उठते. आणि लगेच दुसरं काहीतरी बोलू लागले. ते हसत होते. मला ते हसू जाऊ द्यायचं नव्हतं.

त्या मे महिन्यात ते अमरावतीला आले, माझ्याकडे आठ दिवस राहिले, सोमवारी मी स्वतः त्यांना साबुदाण्याची उसळ करून दिली. इतके सुखाचे आठ दिवस आई गेल्यापासून आले नव्हते. ऑगस्टमध्ये ते पडले.

त्यानंतरचे रविवार मी वर सांगितलेच. डावी मांडी ऑपरेशननंतर जी उतरली ती उतरलेलीच राहिली. व्यायाम शिकवणारा मुलगा म्हणायचा, आजोबा मेहनत घेतात, काही चुकत नाही. ते खरंच मेहनत घ्यायचे. पायाला वाळूची पिशवी बांधून वर-खाली, वर-खाली, घामाघूम होईपर्यंत. पलंगाला धरून उभे राहायचे आणि पाय थरथरायला लागला की शिवी हासडून बसायचे. मी थायरॉइड तपासून घेतलं, ड जीवनसत्त्व तपासून घेतलं, दोन आठवडे भलतंच काहीतरी वाचत बसले. माझ्या बॅगेत दर रविवारी नवे कागद असायचे. प्रत्येक संशय मी बारकाईनं तपासला, फक्त स्वतःच्या एका वाक्याकडे बघितलं नाही.

जेवण नीट चालू आहे ना, हे मी विचारायचे. ते म्हणायचे, जेवतो. आणि खरंच माझ्यासमोर ते पिठलं-भाकरी, वरण, दोन वाट्या दही व्यवस्थित संपवायचे. रविवार होता ना. रविवारचा उपास आईनं कधी धरला नव्हता, आणि चतुर्थी-एकादशीही योगायोगानं एकदाही रविवारी आली नव्हती. बाकी दिवसांचं मी गृहीत धरलं होतं, की इतकी औषधं चालू आहेत म्हणजे उपास बंद असणारच.

जानेवारीत एकदा आमच्या कॉलेजला सोमवारी सुट्टी आली म्हणून मी रविवारी अकोल्यालाच राहिले. सोमवारी दुपारी वहिनी बाबांचं ताट घेऊन आली. ताटात चार घास भगर आणि एक केळं होतं. सकाळपासून त्यांनी नुसता चहा घेतला होता. मी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, हे कधीपासून. ती गोंधळली. तिचा चेहरा मला अजून दिसतो, काही चुकलं का, असा.

"ताई, तुमीच तं सांगतलं होतं बाबाइले," ती म्हणाली. "उपासानं मांडी आतून पक्की होते म्हनून. दवाखान्यातून आले त्याच सोमवारपासून धरून राहिले. म्या म्हटलं, नका करू, तं म्हनाले, माही पोरगी यातलीच हाय."

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. ऑपरेशननंतरचे साडेचार महिने. डॉक्टरांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं, पोरगी यातलीच हाय, आणि डॉक्टर म्हणाले होते, मग उत्तम. व्यायामाच्या मुलालाही तेच. घरात, दवाखान्यात, सगळ्यांनी माझ्या नावावर विश्वास ठेवून त्यांना उपाशी राहू दिलं होतं. मी संडासात जाऊन दार लावून उभी राहिले. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही नाही.

बाहेर येऊन मी त्यांच्या पलंगावर बसले.

"बाबा, तवा फोनवर म्या अर्धंच सांगतलं होतं."

त्यांनी घास खाली ठेवला. "उरलेलं सांग."

मी सांगितलं. की त्या पेशी चिवट होतात, पण मार बसल्यावर उठायला फार उशीर करतात. की मोडलेल्या अंगाला रोज खायला लागतं, एका दिवसाचाही खंड चालत नाही. की तुम्ही व्यायाम करून त्यांना उठा म्हणता आणि उपासाच्या दिवशी तुमचंच रक्त त्यांना झोपा म्हणतं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, म्हंजे मी एका हातानं मोटर चालू करून राहिलो, अन् दुसऱ्यानं बंद. मी म्हटलं, हो, तसंच.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

मी खरं ते सांगितलं. तीन वर्षं तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हतात, त्या दिवशी हसलात, मला ते मोडायचं नव्हतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरात राग निघाला की हवा मोकळी होते, सगळ्यांना सवय आहे. ते रागावले नाहीत. त्यांनी वहिनीला हाक मारली आणि पोळी-वरण आणायला सांगितलं.

सोमवारी दुपारी एक वाजता त्यांनी आईचा उपास मोडला. आमच्यापैकी कुणाकडे न बघता, मान खाली घालून ते जेवले. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. तीन वर्षांचं भांडण मी जिंकले होते, आणि मला वाटत होतं की कुणीतरी येऊन ते ताट उचलून न्यावं.

त्यानंतर त्यांनी एकही उपास धरला नाही. सांगितलेलं सगळं खायचे, दूध, घुगऱ्या, डाळीचं धिरडं, काम केल्यासारखं, चव न घेता. देवापुढं बसायचेही बंद झाले. पूर्वी सोमवारी सकाळी ते आईच्या फोटोजवळ बसून तिला काहीबाही सांगायचे, गावातलं, वावरातलं, कुणाचं लग्न ठरलं ते. वहिनी म्हणाली, आता बोलत नाहीत. ते उपास म्हणजे त्यांचा आईबरोबरचा संसार होता, हे मला तो मोडल्यावर कळलं. मी खोटं बोलले तेव्हा त्यांचे पाय गेले आणि खरं बोलले तेव्हा हे गेलं.

मांडी थोडी भरली. तीन रविवार आकडा वर सरकला, मी फार खूश झाले, वहीत खाली रेघ मारली. मग तो थांबला तो थांबलाच. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं, पहिले दोन-तीन महिनेच काय ते महत्त्वाचे, आणि तेव्हा भरपूर जेवले असते तरी भरलीच असती असं छातीठोक कुणी सांगणार नाही. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, किंवा खरंही असेल. प्रयोगशाळेत मी कुठलीही गोष्ट शेजारी दुसरी ताटली ठेवल्याशिवाय मानत नाही, एकीत घालायचं, एकीत नाही, मग फरक बघायचा. बाबांची दुसरी ताटली नव्हती. रोज जेवलेले बाबा मला कुठंही बघायला मिळणार नाहीत, म्हणून मला हे कधीच कळणार नाही.

फेब्रुवारीत तुरी सोंगून झाल्या. बाबा घराच्या फाटकापर्यंत वॉकर घेऊन जायचे आणि परत यायचे, त्यापुढे नाही. भावानं पुन्हा एकदा गाडीचं विचारलं. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत, काहीच म्हणाले नाहीत, आणि भाऊ गाडीची किल्ली हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्यानं ती खुंटीला अडकवली. सगळा वेळ पडून राहिल्यानं मार्चमध्ये छातीत कफ साठला. खोकायलाही स्नायूंचा जोर लागतो, हे पुस्तकात वाचलेलं मी तेव्हा जवळून बघितलं. दवाखान्यातून घरी आणलं ते, आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर.

मी रजा टाकून अकोल्याला राहिले. टेप पर्समध्येच होती, पण ती मी काढली नाही. ते गेले त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. मी त्यांना चमच्याने वरणाचं पाणी देत होते. त्यांनी विचारलं, आज कोनता वार? मी सांगितलं, सोमवार. चमचा तोंडाशी होता. ते जरा थांबले, मग तोंड उघडलं आणि गिळलं. थोड्या वेळानं ते बोलू लागले, एकेक शब्द सुटा.

"वर गेलो का तुही माय पयले सोमवारचं इचारन. काय सांगू तिले?"

मी वाटी खाली ठेवली. "माहं नाव सांगा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. हात माझ्या मनगटावर ठेवला, त्याला काहीच वजन नव्हतं.

"तुहं नाव नाई सांगत," बाबा म्हणाले. "तिनं तुले वाईट म्हटलेलं मले नाई चालत. सांगीन, भूक लागली होती."